अर्जातला एक रकाना

मोरा बंदरातून लाँच सुटली की तासाभरात भाऊचा धक्का. आमच्या वस्तीतल्या कितीतरी बापांनी याच वाटेने मुंबईत जाऊन मोलमजुरी केली आणि मुलांना शिकवले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली, तरी मोऱ्याच्या माणसाला लाँच सोयीची वाटते. पण मुलांच्या कॉलेजची वाट आता लाँचने सुरू होत नाही की रेल्वेनेही नाही. ती सुरू होते हातातल्या मोबाईलवर.

पूर्वी कॉलेजच्या खिडकीसमोर रांग लावायची, छापील अर्ज घ्यायचा, तो निळ्या शाईने भरायचा आणि खिडकीत द्यायचा. काही चुकले तर कारकून रागावायचा, पण चूक दाखवायचा. आताचा अर्ज रागावत नाही. चुकीचे उत्तरही तो मुकाट्याने घेतो आणि पुढचे पान उघडतो. म्हणून हा विषय आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

आमच्या शेजारची एक मुलगी बारावी झाली. तिला बी.कॉम. करायचे होते. उरणचे कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय किंवा फुंड्याचे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय, ही दोन नावे घरात ठरली होती. रायगड जिल्ह्यातली अशी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाला यायचे तर आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करायची आणि त्याची छापील प्रत काढायची. त्यानंतर हव्या त्या महाविद्यालयाचा वेगळा अर्ज भरायचा. एक केले आणि दुसरे राहिले, तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही. अनेक घरांत हेच कळलेले नसते.

आम्ही चार-पाचजण त्या दिवशी तिच्या घरी बसलो होतो. ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ हा विद्यार्थ्याचा क्रमांक डिजिलॉकरमधून काढायचा होता. त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर सांकेतिक आकडे येतात, ज्याला सगळे ओटीपी म्हणतात. तिच्या आधारला नंबर होता वडिलांचा, आणि वडील होते मुंबईला कामावर. कामाच्या वेळी फोन जवळ ठेवायला परवानगी नाही. आकडे आले आणि मुदत संपून वायाही गेले. संध्याकाळी ओहोटी होती. गाळामुळे लाँच धक्क्याला लागेना. वडील घरी आले तेव्हा रात्र झाली होती.

“एवढ्यासाठी दिवस गेला होय?” ते म्हणाले. “आधी सांगितलं असतं, तर फोन घरी ठेवून गेलो असतो.”

सांगणार कोण? कुणाला ठाऊकच नव्हते.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. फोटो आणि गुणपत्रिका चढवायला ती अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात गेली. धर्माच्या रकान्यात तिने ‘बौद्ध’ लिहिले. पुढे प्रवर्ग विचारला. तिचा जातीचा दाखला काढलेलाच नव्हता. दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, सध्या ओपन टाका. नंतर बदलता येतं.” तिने टाकले. घरी येऊन तिने सहज सांगितले, तेव्हा आमच्यातल्या एका काकींनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या मुलाने पूर्वी असेच केले होते आणि वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली होती. सुदैवाने या मुलीचा अर्ज अंतिम सादर झालेला नव्हता. सकाळी जाऊन प्रवर्ग बदलला, आणि दाखल्यासाठी धावपळ सुरू झाली.

वाचकहो, हा एक रकाना साधा नाही. धर्मांतर केलेल्या आपल्या समाजाला केंद्र सरकारच्या सवलती मिळाव्यात यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. बौद्ध हे अल्पसंख्याकांतही मोडतात, त्यामुळे अर्जात अल्पसंख्याकाचा प्रश्न वेगळा येऊ शकतो. त्याचे उत्तर दिले म्हणून प्रवर्गाचे उत्तर दिले असे होत नाही. धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती, ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही लिहायची आहेत. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

आता दाखल्यांविषयी. धर्मांतरित बौद्धांसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तोच मागावा. पुरावा लागतो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा किंवा गावच्या दप्तरातली नोंद त्यासाठी शोधावी लागते. जुन्या कागदावर जुनी जात आणि नव्या कागदावर बौद्ध असेल तर घाबरू नये. दोन्ही कागद जपून ठेवावेत, कारण धर्मांतराची साखळी त्यांनीच जुळते. व्यावसायिक शिक्षणाकडे जायचे असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून मिळतो.

प्रवेश झाला म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असेही नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती. त्याहून जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काच्या माफीची योजना वेगळी आहे. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. म्हणून दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक यांवर नाव एकसारखे आहे ना, हे आधी पाहावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी करावी.

बाबासाहेबांनी २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. शिकू पाहणाऱ्याची अडचण आधी ओळखायची आणि वाट तशी करायची, ही त्यामागची दृष्टी होती. आज आमच्या मुलांची अडचण हा अर्ज आहे. तो भरायला पदवी लागत नाही. लागतो थोडा वेळ, आणि शेजारी बसणारे कुणीतरी.

आम्ही मोऱ्यात एवढेच ठरवले आहे. निकालाच्या आठवड्यात कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांनी संध्याकाळी विहारात बसायचे. ज्याचा अर्ज असेल त्याने कागदांची पिशवी आणि आधारला जोडलेला फोन घेऊन यायचे. अंतिम बटण दाबण्याआधी सगळा अर्ज मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. छापील प्रत आणि पावती त्याच पिशवीत ठेवायची. संकेतशब्द वहीत लिहायचा, दुकानदाराकडे ठेवायचा नाही. ज्या घरात नववी-दहावीची मुले आहेत, त्यांनी दाखल्यांचे काम आजच हाती घ्यावे.

ती मुलगी आता बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी विहारात ती एका दहावीच्या मुलाला सांगत होती, “आजोबांच्या शाळेचा दाखला आहे का घरी? नसेल तर या सुट्टीत गावी जा आणि घेऊन ये.” मुलगा म्हणाला, “ताई, अजून दोन वर्षं आहेत.” ती म्हणाली, “मलाही तसंच वाटलं होतं.”