दगड न फोडता आतलं फळ कसं बघतात?

पाचोरा परिसरात नाल्याकाठी गारगोट्या दिसतात. अशाच कठीण दगडात कधी कधी कोट्यवधी वर्षांपूर्वीचं फळ दडलेलं असतं. अर्थात प्रत्येक गारगोटीत नाही.

मग कोणत्या दगडात?
खान्देशातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचली आणि गारगोट्या झाल्या. त्यांत जीवाश्म नसतात. मात्र दोन उद्रेकांमधल्या शांत काळात ठिकठिकाणी तळी साचली, काठाने झाडं वाढली. तळ्यात पडलेल्या फळांत सिलिका मुरली आणि त्यांचा दगड झाला. हा दगड म्हणजे चर्ट, चकमकीच्या दगडाचा भाऊबंद. विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेशात असे जीवाश्म सापडले आहेत.

आत बघायचं कसं?
पूर्वी दगड करवतीने कापून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत. त्यात पात्याच्या जाडीइतका भाग भुकटी होऊन कायमचा जातो. नमुना एकच असेल तर हे नुकसान भरून निघत नाही.

मायक्रो-सीटी स्कॅनमध्ये दगड एक्स-रेसमोर हळूहळू फिरवतात आणि शेकडो प्रतिमा घेतात. घन भाग जास्त किरणं अडवतो, पोकळ भाग कमी. त्यावरून संगणक आतली त्रिमितीय रचना उभी करतो.

यातून काय कळलं?
२०१९ मध्ये 'हायफेनिओकार्पॉन इंडिकम' या फळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शक आणि मायक्रो-सीटी दोन्ही वापरणाऱ्या या संशोधकांत भंडाऱ्याचे दशरथ कापगते होते. हे फळ ताडगोळ्याच्या गोतावळ्यातलं निघालं. म्हणजे ताडाचं हे कूळ डायनासोरच्या काळाइतकं जुनं आहे.

एक्स-रेला सगळंच दिसतं का?
नाही. जीवाश्म आणि भोवतालचा दगड दोन्ही सिलिकाचेच असतील, तर प्रतिमेत फरक पुसट दिसतो. म्हणून काप घेण्याची पद्धत आजही लागते. पण आधी स्कॅन केलं, तर नेमकं कुठे कापायचं ते कळतं आणि मूळ आकाराची नोंदही राहते.

दगडात पान, बी किंवा लाकडाच्या रेषा दिसल्या, तर तो फोडू नका. तो होता तिथेच फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. दगड कुठल्या थरातला आहे, हे जागेवरूनच कळतं.