आधी घाट, मग खलनायक

पोकेमॉनचा फॅनगेम करायला बसलेला जवळजवळ प्रत्येकजण आधी खलनायक लिहितो. काळे गणवेश घातलेली एक टोळी, कुठेतरी युगानुयुगं झोपलेला एक पोकेमॉन, तो जागा झाला की जगबुडी. हे एका बैठकीत लिहून होतं. खरं काम पुढे सुरू होतं. खेळणारा पहिल्या गावातून दुसऱ्यात का जाईल, आणि पोचेल तेव्हा त्याच्या टीमची लेव्हल काय असेल? बरेच गेम या प्रश्नापाशीच कायमचे थांबतात.

मी आणि माझा एक मित्र असा गेम करतोय. मॅप तो काढतो. गोष्ट आणि प्रोग्रेशन माझ्याकडे. गेम बनवायचं आरपीजी मेकर एक्सपी हे सॉफ्टवेअर आणि त्यावर बसवायचं 'पोकेमॉन एसेन्शियल्स' हे आमचं सामान. लढाई, पकडणं, लेव्हल चढणं हे सगळं त्यात आयतं मिळतं. रस्ता कुठे अडवायचा, हे मात्र कोणी आयतं देत नाही.

ते शिकायला १९९६ सालच्या पहिल्या गेमइतका चांगला मास्तर नाही. माउंट मूनच्या गुहेतून बाहेर पडलं की पुढे कडे येतात. कड्यावरून खाली उडी मारता येते, वर चढता येत नाही. मागचं प्यूटर गाव त्या उडीबरोबर बंद होतं, आणि नव्या शहराच्या ओढीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे बंदरावर जहाजाचा कप्तान झाडं कापायची विद्या देतो. तिथून जवळच डिगलेटची गुहा आहे. तिच्यातून बाहेर पडून एक झाड कापलं की खेळणारा पुन्हा प्यूटरच्या वाटेवर! जिथे जिमचा प्रमुख ब्रॉक याच्या चौदा लेव्हलच्या ऑनिक्सने घाम काढला होता, तिथे आता रानातला कोणताही प्राणी एका फटक्यात पडतो. आपण मोठे झालोय हे सांगायला एकही संवाद लागलेला नाही. गेमची गोष्ट म्हणतात ती माझ्या मते हीच, टोळीबिळी नंतर.

त्याच गेममधला सॅफ्रन शहराच्या वेशीवरचा पहारेकरी मला तितकासा पटत नाही. त्याला तहान लागलेली असते. सेलाडॉनच्या दुकानाच्या गच्चीवरून पेय आणून दिलं की तो सोडतो. गंमत म्हणून ठीक आहे, पण एक बाटली पाण्यासाठी अख्खं शहर बंद?

आमचा प्रदेश कोकण, घाट आणि देश असा आहे. मूळ गेमचा कांटो जपानच्या खऱ्याखुऱ्या कांटो भागावर बेतलेला आहे, मग आम्ही सह्याद्री का सोडायचा? घाट म्हणजे आयतं कुलूप. जिम जिंकून मिळणारे पहिले तीन बॅज किनाऱ्यावर, आणि वर जायचा रस्ता दरड कोसळून बंद. दरडीपाशी मुकादम बसलाय, पण दगड उचलणारे त्याचे मॅचॉप जातीचे पोकेमॉन कोणीतरी जास्त मजुरीचं आमिष दाखवून चिऱ्याच्या खाणीवर नेलेत. ही खाण चालवणारे आमचे खलनायक. त्यांना जग बुडवायचं नाही, चिरे विकायचेत. खेळणारा खाणीवर जाऊन त्यांना हरवतो, मॅचॉप परत येतात, रस्ता मोकळा होतो. प्रोग्रॅममध्ये हा सगळा प्रकार म्हणजे फक्त एक स्विच. तो चालू झाला की दगडांची इव्हेंट दिसेनाशी होते. पण अडथळ्याचं कारण आणि खलनायकाचं कारण एकच असल्यामुळे मला वेगळा उलगडा लिहावा लागत नाही.

यापुढचं काम वहीतलं, आणि त्यात सगळे आकडे. ठरावीक प्राण्यांना एखाद्या लेव्हलला पोचायला जेवढा अनुभव लागतो, तो म्हणजे त्या लेव्हलचा घन. तेरावरून चौदावर जायला ५४७ गुण पुरतात. चाळीसवरून एक्केचाळीसला ४,९२१. जुन्या सूत्राप्रमाणे हरलेल्या प्राण्याच्या मूळ गुणांना त्याच्या लेव्हलने गुणायचं, साताने भागायचं, आणि लढाई ट्रेनरशी असेल तर त्याची दीडपट. पिजी या पोकेमॉनचे मूळ गुण ५५. म्हणजे ट्रेनरकडचा बारा लेव्हलचा पिजी पाडला की १४१ गुण मिळतात. असे चार पाडले तेव्हा एक प्राणी एक लेव्हल चढला. टीममध्ये चार प्राणी असतील तर? सोळा ट्रेनर एका रस्त्यावर उभे केले तर तो रस्ता राहत नाही, टोलनाक्यांची रांग होते. म्हणून काही ट्रेनर आडवळणाला, काहींकडे दोन-दोन प्राणी, आणि जिममधल्या लेव्हलचा आकडा थोडा खाली.

टेस्टिंगला आम्ही ओळखीतल्या पोरांना बसवतो आणि मागे उभं राहून बघतो. बोलायचं नाही हा नियम, आणि तो पाळणं भलतंच कठीण. ट्रेनरची नजर ज्या बाजूला असते ती टाळून पोरं सराईतपणे निसटतात. वहीतल्या लढायांपैकी निम्म्या होतच नाहीत. सुरुवातीला मिळालेल्या एकाच प्राण्याला लढवून बाकीची टीम उपाशी ठेवणारेही असतात. त्यांच्यासाठी खाणीत एक बोळ असा केलाय की नजर चुकवायला जागाच नाही. आणखी एक तपासणी सॉफ्टलॉकची. कड्यावरून उडी मारली, समोर झाड, आणि कापणारा प्राणी टीममध्ये नाही अशा जागी कोणी गेम सेव्ह केला तर त्याचा खेळ तिथेच संपला. प्रत्येक कड्याखालून परत जायची एक वाट आहे की नाही, हे मी बोट फिरवून बघतो.

हे सगळं गाजावाजा न करता चालतं, कारण पात्रं निन्टेंडोची. 'पोकेमॉन युरेनियम' हा फॅनगेम सुमारे नऊ वर्षांच्या मेहनतीनंतर ऑगस्ट २०१६मध्ये आला, पंधरा लाखांवर डाउनलोड झाला आणि कायदेशीर नोटिसांमुळे करणाऱ्यांनीच मागे घेतला. 'पोकेमॉन प्रिझम' या दुसऱ्या फॅनगेमला तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात, यायच्या तोंडावरच नोटीस आली. विकायचं नाही, पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही, हे त्यातून फॅनगेमवाल्यांनी घेतलेलं शहाणपण.

आमचा सध्याचा वाद घाटमाथ्यावरचा आहे. वर पोचल्यावर पाचवी आणि सहावी जिम हवी त्या क्रमाने करू द्यायची, असं मित्राचं म्हणणं. मला 'पोकेमॉन गोल्ड'मधला जोतो प्रदेश आठवतो. तिथे चौथ्या बॅजनंतर वाटा मोकळ्या होतात, आणि कुठल्याही क्रमाने चालावं म्हणून आकडे सपाट ठेवलेत. पुढच्या तीन जिममधले सर्वांत वरचे प्राणी तीस, पस्तीस आणि एकतीस लेव्हलचे. त्यामुळे तो सगळा पट्टा चढच नसल्यासारखा खेळला जातो. यावर उपाय आहे. एसेन्शियल्समध्ये एकाच ट्रेनरच्या दोन आवृत्त्या लिहिता येतात. बॅज मोजायचे आणि त्याप्रमाणे हलकी किंवा भारी टीम समोर करायची. पण मग दोन्ही जिम, त्यांच्यातले ट्रेनर आणि मधल्या रस्त्यावरचे ट्रेनर, सगळंच दोनदा लिहायचं आणि दोन्ही क्रमांनी टेस्ट करायचं. मित्र म्हणतो, लिही. त्याला काय, मॅप एकदाच काढायचाय. मी पाचव्या जिमच्या दोन्ही टीम लिहून दिल्यात. सहावीला अजून हात लावलेला नाही.