ॲल्युमिनियमच्या सायकलीची कैफियत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कनेक्टिकट संस्थानात, विल्टन गावी, कॅननडेल नावाचे एक लहानसे रेल्वे स्टेशन आहे. 1971 साली जो मॉन्टगोमेरी यांनी स्थापिलेल्या कंपनीने आपले नाव त्या स्टेशनावरून घेतले, आणि प्रारंभी सायकलीमागे ओढावयाची गाडी, सामानाच्या पिशव्या असा प्रवासी सरंजाम विकता विकता 1983 साली स्वतःची पहिली सायकल बाजारात आणली. ‘एसटी-500’ या नावाची ही सायकल शर्यतीची नव्हती, दूरच्या प्रवासाची होती. आणि हे स्वाभाविकच होते, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त 1976 साली ऑरेगनपासून व्हर्जिनियातील यॉर्कटाऊनपर्यंतच्या सव्वाचार हजार मैलांच्या मार्गावर सुमारे 4,000 लोक सायकलीने निघाले होते, तेव्हापासून बिऱ्हाड लादून देश पालथा घालण्याची हौस त्या देशात चांगलीच रुजली होती.

या सायकलीकडे पाहताच नजर खिळते ती तिच्या नळ्यांवर. तत्कालीन पोलादी सायकलीची खालची नळी 28.6 मि.मी. व्यासाची असे, हिची त्याहून पुष्कळच जाड, आणि जेथे नळीला नळी मिळते तेथे वेल्डिंगचा जोड घासून असा सपाट केलेला, की त्यावरून बोट फिरविले असता एक नळी कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे बोटाला उमगत नाही. नळ्यांचा हा जाडपणा दिखाव्याचा नव्हता. ॲल्युमिनियम हा धातू पोलादाच्या तुलनेने वजनाला सुमारे एकतृतीयांश, पण ताठपणालाही एकतृतीयांशच. म्हणून पोलादी मापाचीच नळी या धातूची केली, तर ती हलकी होते खरी, परंतु तिप्पट लवते. उलट, नळीच्या पत्र्याची जाडी कायम ठेवून तिचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पटच होते आणि ताठपणा मात्र आठपट वाढतो. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात शिकत असता गॅरी क्लाइन यांनी 1970 नंतरच्या दशकात हे गणित सायकलीत उतरविले होते, आणि कॅननडेलची वाटही तीच होती. मागच्या कॅरिअरवर ओझे चढविलेली सायकल उतारावर नागमोडी डुलू लागते, तेव्हा चालविणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो दोष या जाड नळ्यांनी जवळजवळ नाहीसा केला. या सांगाड्याचे हे श्रेय त्याला निःसंकोच दिले पाहिजे.

असे असूनही त्याच्यावर कायमचा ठपका बसला तो हाडे खिळखिळी करणारा म्हणून. माझ्या मते ही फिर्याद पुरती खोटी नसली तरी चुकीच्या इसमावर आहे. सायकलीचा सांगाडा हा त्रिकोणांचा असल्यामुळे खालून वर येणारा धक्का नळ्यांच्या लांबीतून वाहतो, आणि त्या दिशेने कोणतीही नळी, ती पोलादाची असो वा ॲल्युमिनियमची, नाममात्रच दबते. टायर मात्र त्याच धक्क्याला कित्येक मिलिमीटर दबतो. शिवाय धातूच जात्या कठोर म्हणावा, तर फ्रान्सच्या ‘व्हिटस 979’ या बारीक नळ्यांच्या, डिंकाने जोडलेल्या ॲल्युमिनियम सायकलीवरून शॉन केली याने 1984 साली पॅरिस ते रूबे ही दगडी फरसबंदीवरची अतिकठीण शर्यत जिंकली, याची संगती कशी लावावयाची?

तेव्हा जुन्या एसटीची बैठक सुखाची करावयाची असेल, तर हात प्रथम टायरला घातला पाहिजे. दगडासारखा कडक टायर म्हणजे वेगवान टायर, अशी त्या काळची समजूत होती, आणि तीपायी 32 मि.मी.च्या टायरात 90 पौंडांपर्यंत हवा ठासली जाई. फ्रँक बर्टो या अमेरिकन जाणकाराने हवेच्या दाबाचे जे कोष्टक मांडले, त्याचे सूत्र असे, की स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे 15 टक्के दबावा. हे घरी पाहता येते. भिंतीला टेकून सायकलीवर बसावे, आणि दुसऱ्याने रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर आधी व नंतर पट्टीने मोजावे, 32 मि.मी.च्या टायरात जेमतेम 5 मि.मी.चा फरक आला की दाब बरोबर. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तेथे हवा अधिक आणि पुढे कमी. दोन्हीकडे सारखीच हवा भरण्याचा रिवाज सोडून द्यावा.

याहून रुंद टायर हवा असेल, तर त्यालाही वाट आहे. त्या काळच्या बहुतेक टूरिंग सायकलींप्रमाणे हिची चाके 27 इंची, म्हणजे रिमवर टायर बसतो तो व्यास 630 मि.मी. आजच्या 700 सी चाकाचा तोच व्यास 622 मि.मी. आहे. चाक बदलले की टायरच्या वर 4 मि.मी. जागा अधिक मिळते, आणि ब्रेकचे रबर तेवढेच खाली सरकवावे लागते. बाजूंना चार-चार मि.मी. मोकळीक राहत असेल तर 35 मि.मी.चा, पातळ व लवचिक कापडाचा टायर घालावा. आपल्याकडील काळ्या, भारी सायकलीच्या जाड टायरवर आणि स्प्रिंगांच्या चामडी सीटवर ज्यांनी खेड्यापाड्यांचे रस्ते तुडविले, त्यांना याचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सीटविषयी थोडक्यात: बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सची ताणलेल्या चामड्याची बी-17 सीट शतकाहून अधिक काळ प्रवाशांची सोबत करीत आली आहे, ती उगीच नव्हे, चामडे झोळीप्रमाणे अंग तोलते. हँडल मात्र दुर्लक्षित राहते. ते सीटच्या पातळीपर्यंत उचलले की तळहात, मान आणि खांदे यांवरील भार तत्काळ उतरतो. फक्त हँडलच्या दांड्यावर कोरलेली मर्यादेची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे. हँडलवर जाड फीत गुंडाळावी. सुरुवातीच्या एसटीचा पुढचा चिमटा पोलादी व बाक दिलेला असे, तो असल्यास जपावा. स्प्रिंगवाली सीटनळी ही अगदी शेवटची तजवीज समजावी.

आता एक ताकीद. जुन्या पोलादी सायकलीचा मागचा भाग फाकवून आजचे रुंद चाक बसविण्याची युक्ती कारागीर सर्रास करतात; ॲल्युमिनियमवर ती कदापि करू देऊ नये. हा धातू वाकविलेला सोशीत नाही, आणि पोलादाप्रमाणे त्याच्या थकव्याला खालची सुरक्षित मर्यादाही नाही. म्हणून पेडलच्या धुरीजवळचे आणि मागच्या आसाजवळचे जोड फडक्याने पुसून, उजेडात, केसाएवढ्या चिरेसाठी तपासावेत. चीर दिसली तर त्या सांगाड्यावर पुन्हा बसू नये. जोड निर्दोष असतील, तर अशी सायकल केवळ कडक म्हणून मोडीत घालू नये: प्रथम हवा कमी करावी, मग टायर बदलावा, हँडल उचलावे, आणि इतके करून दोन-तीनशे मैल चालविल्याशिवाय पुढचा पैसा खर्चू नये.