मनोरा : तंजावरच्या सागरकिनाऱ्यावरील मराठी लेखाचा स्तंभ

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे स्मरण होते ते भातशेती आणि देवालये यांच्या संदर्भात. पापनाशम येथील पालैवननाथर मंदिरातील नायककालीन धान्यकोठार हे या भूमीच्या सुपीकतेचे बोलके प्रतीक होय. तथापि तंजावर जिल्ह्याला समुद्रकिनाराही लाभलेला आहे, याची जाणीव मराठी अभ्यासकांत अभावानेच आढळते. १९९१ मध्ये नागपट्टिणम जिल्हा वेगळा झाल्यानंतर तंजावरकडे पाल्कच्या सामुद्रधुनीलगतची दक्षिणेकडील अरुंद पट्टी तेवढी उरली. याच पट्टीवर, मल्लिपट्टिणम या मासेमारीच्या बंदराजवळ, सरभेंद्रराजपट्टिणम हे लहानसे खेडे आहे. गावाच्या नावातील ‘सरभेंद्र’ म्हणजे तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२). त्यांनी उभारलेल्या ‘मनोरा’ या वास्तूमुळे हे गाव ओळखले जाते.

भोसल्यांच्या राज्यात समुद्र होता. परंतु त्यावरील महत्त्वाची ठाणी एकेक करून युरोपीय कंपन्यांच्या हाती गेली होती. तरंगमबाडी रघुनाथ नायकाच्या काळीच, १६२० मध्ये, डॅनिशांकडे गेली. नागपट्टिणम १६५८ मध्ये डचांनी व १७८१ मध्ये इंग्रजांनी घेतले. कारैकल १७३९ पासून फ्रेंचांकडे होते. पुढे १७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभारच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि सरफोजीराजांची प्रत्यक्ष सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती सीमित झाली. मनोऱ्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

‘मनोरा’ हा शब्द मराठी वाचकास परका नाही. ‘मिनार’पासून आलेले हे नाव स्थानिक तमिळ भाषकांनीही जसेच्या तसे स्वीकारले आहे. वास्तू षट्कोनी असून आठ मजल्यांची आहे. तिची उंची सुमारे ७५ फूट भरते. वर जाताना ती निमुळती होत जाते, आणि मजल्यामजल्यांवरील पुढे आलेल्या छज्जांमुळे तिला एखाद्या बहुस्तरीय दीपमाळेसारखा आकार प्राप्त झाला आहे. भोवती तटभिंत व खंदक असल्याने लोक तिला किल्लाही म्हणतात. राजकुटुंबाचा मुक्काम येथे होत असे आणि जहाजांना दीपस्तंभ म्हणून तिचा उपयोग होई, असे सांगितले जाते. मात्र तिचे मुख्य प्रयोजन तेथील शिलालेखातच नमूद आहे.

हा लेख मराठी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी यांसह अनेक भाषांत कोरलेला आहे. इंग्रजांचे मित्र म्हणविणाऱ्या राजांनी त्यांच्या विजयाच्या व नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला, असा त्याचा आशय आहे. प्रवासी-पुस्तिकांत मनोऱ्याचा संबंध सर्रास वॉटर्लूच्या लढाईशी जोडला जातो. परंतु लेखातील वर्ष १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ रोजी. मार्च १८१४ च्या अखेरीस मित्रराष्ट्रांच्या फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, एप्रिलमध्ये नेपोलियनने सिंहासन सोडले व त्याची रवानगी एल्बा बेटावर झाली. लेखात अभिप्रेत असलेला पाडाव हाच. वॉटर्लूची कीर्ती एवढी वाढली की मागाहून तिनेच या स्मारकाचा अर्थ व्यापून टाकला, असे म्हणावे लागते.

हे स्मारक म्हणजे केवळ मांडलिकाची खुशामत होय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरतो. फ्रेंचांचा त्रास तंजावरने स्वतः सोसला होता. १७५८ मध्ये, प्रतापसिंहांच्या कारकीर्दीत, लालीच्या फ्रेंच सैन्याने तंजावरला वेढा घातला होता. शिवाय दत्तकपुत्र असलेल्या सरफोजींना राज्यपद लाभले ते इंग्रजांच्या पाठिंब्यावरच. तेव्हा कृतज्ञता, राजकीय गरज आणि आपले राजेपण प्रकटपणे मिरविण्याची इच्छा हे तिन्ही हेतू येथे एकवटलेले दिसतात.

या संदर्भात दुसऱ्या एका लेखाशी तुलना उद्बोधक ठरते. १८०३ मध्ये याच राजांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात ‘भोसले वंशचरित्र’ हा अतिदीर्घ मराठी शिलालेख कोरविला. तेथे मराठी ही कुलाची भाषा आहे आणि विषय आहे स्वतःच्या पूर्वजांचा पराक्रम. अकरा वर्षांनंतर समुद्रकाठी तीच मराठी इतर भाषांच्या पंक्तीत बसून परक्याच्या विजयाची ग्वाही देते. गमावलेल्या सत्तेची नोंद या दोन लेखांमधील अंतरात वाचता येते.

तंजावरहून ओरत्तनाडू व पट्टुक्कोट्टै मार्गे मनोरा सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर आहे. वाटेत ओरत्तनाडू येथे मुक्तांबाच्या नावाने सरफोजीराजांनी १८०२ मध्ये बांधविलेले छत्र लागते. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी भोसले घराण्याने या बाजूस अनेक छत्रे चालविली. मनोऱ्यानजीकच्या सेतुभावाछत्रम या गावाच्या नावातही ‘छत्र’ हा शब्द टिकून आहे. येथील समुद्र उथळ व शांत आहे. त्याच्या तळाशी असलेल्या सागरी गवतावर समुद्रगाय हा दुर्मीळ प्राणी जगतो. त्याच्या रक्षणासाठी तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे सुमारे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव म्हणून घोषित केले. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाने या परिसरातील नारळबागांची व होड्यांची मोठी हानी केली होती.

सहलीचे ठिकाण म्हणून मनोरा तमिळनाडूत परिचित आहे. मराठीच्या अभ्यासकाला मात्र तो एक कोरीव दस्तऐवज म्हणून महत्त्वाचा वाटावयास हवा. त्यावरील मराठी पाठ इतर भाषांतील पाठांशी व बृहदीश्वराच्या लेखाशी ताडून पाहिल्यास, सत्ता गेल्यावरही भाषा राखणाऱ्या एका राजवटीचे मन अधिक स्पष्ट होईल.