वर्षाला एक डॉलर

१८७६ साली न्यू जर्सीतल्या मॅडिसन गावच्या ड्रू धर्मविद्यालयावर आभाळ कोसळले. मेथडिस्ट पंथाचे पाद्री तयार करणारी ही संस्था १८६७मध्ये डॅनियल ड्रू या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या सटोडियाच्या पैशावर उभी राहिली होती. अडीच लाख डॉलरचा कायम निधी देण्याचे त्याने कबूल केले होते, पण मुद्दल संस्थेच्या हाती कधी पडलेच नाही. शेठजी दरवर्षी व्याज तेवढे देत राहिले. मग त्यांचे दिवाळे निघाले आणि व्याजही आटले.

संस्थेचे अध्यक्ष होते जॉन फ्लेचर हर्स्ट. माणूस पुस्तकांत रमणारा, जर्मनीत शिकलेला, चर्चच्या इतिहासाचा प्राध्यापक. पण वेळ आली तेव्हा ते चर्चमागून चर्च आणि परिषदेमागून परिषद पालथी घालत फिरले. एका शेठजीने बुडवलेले त्यांनी अनेकांकडून गोळा केले. सुमारे तीन लाख डॉलर जमले आणि विद्यालय वाचले. १८८०मध्ये ते बिशप झाले, १८८४-८५च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेले आणि या प्रवासावर ‘इंडिका’ नावाचा जाडजूड ग्रंथ त्यांनी १८९१मध्ये प्रसिद्ध केला.

औरंगाबादच्या गुलमंडीवर वाढलेल्या माणसाला हर्स्टसाहेबांचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सुपारी हनुमानाच्या आसपासच्या पेठेत गणपतीचे पावतीपुस्तक घेऊन पोरे दुकानोदुकान फिरतात. एका शेठने सगळा खर्च उचलला तर उत्सव त्या शेठचा होतो. शेकडो पावत्या फाटल्या की तो गल्लीचा होतो. हेच गणित एका मराठी बाईने अमेरिकेत मांडले, तेही हर्स्ट यांच्या धडपडीनंतर दहाच वर्षांनी. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

मार्च १८८६मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला पोहोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. रमाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्याही नव्हत्या. आई-वडील दुष्काळात गेलेले, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२मध्ये वारलेले, पदरी मनोरमा नावाची लहान मुलगी. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. अमेरिकेत आल्या होत्या थोड्या मुक्कामासाठी, राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. बालोद्यानाची फ्रोबेल पद्धत शिकल्या, शाळा, तुरुंग, दवाखाने पाहिले, आणि पांढऱ्या साडीत व्यासपीठावर उभ्या राहून उच्चवर्णीय बालविधवांची हकिकत सांगत देशभर हिंडल्या. हा प्रवास तीस हजार मैलांच्या घरात जातो.

पैसे उभे करण्याची त्यांची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी पुस्तक. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ १८८७मध्ये निघाले. आनंदीबाईंच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. हजारो प्रती खपल्या आणि पैसा कामासाठी उभा राहिला. वाचक पुस्तक वाचून व्याख्यानाला यायचा आणि व्याख्यानातून निघताना गावातल्या ‘रमाबाई मंडळा’त नाव घालायचा. अशी मंडळे गावोगाव निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षे देत राहायचा. डिसेंबर १८८७मध्ये बोस्टनला या साऱ्यांची शिखरसंस्था म्हणून ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. अध्यक्षपदी एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू होते. उपाध्यक्षांत मेथडिस्ट आणि दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड होत्या. एरवी एकमेकांची धर्ममते न पटणारी ही माणसे एका यादीत बसली, ही रमाबाईंची खरी मुत्सद्देगिरी.

ती जमली एका अटीवर. या पैशातून विधवांसाठी निघणारी शाळा कोणत्याही पंथाची नसेल, तिथे कुणाला धर्मांतराचा उपदेश होणार नाही. मुलींना आपापले जातीचे सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा राहील. या अटीमुळेच पुण्या-मुंबईचे सुधारकही सल्लागार व्हायला तयार झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा शारदा सदन या नावाने उघडली. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी तिचे लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. बोस्टनच्या कुण्या गृहिणीने वर्षाकाठी दिलेल्या डॉलरचा धागा असा कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमापर्यंत आणि पुढे महिला विद्यापीठापर्यंत जातो. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना हा धागा हातातून सुटू देणे अन्यायाचे आहे.

१८९०च्या अखेरीस सदन पुण्याला आले आणि वादळ घोंगावू लागले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही हे वचन त्यांनी दिले होते, स्वतःचा धर्म लपवण्याचे नव्हे. पुण्याला हा भेद पटला नाही. ‘केसरी’ने झोड उठवली. ऑगस्ट १८९३मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पालकांची धास्ती अगदीच निराधार नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. बोस्टनकडून मात्र पाठिंबा ढळला नाही. कार्यकारिणीच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्यात आल्या, सगळे पाहिले आणि रमाबाईंच्या मागे उभ्या राहिल्या. ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाचे स्वामी विवेकानंदांशी वाजले तेही याच वर्षांत. हिंदू विधवांच्या स्थितीवरून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत खडाजंगी झाली.

रमाबाईंची दूरदृष्टी खरी दिसते ती केडगावात. वर्गणीची दहा वर्षांची मुदत १८९८च्या आसपास संपणार, हे त्या पहिल्या दिवसापासून जाणून होत्या. मुदत संपण्याची वाट न बघता त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, संत्री-आंब्यांची कलमे लावली. बाग धरेल तोवर अमेरिकेचा पैसा थांबेल आणि शाळा आपल्या उत्पन्नावर चालेल, हा बेत. देणगीदाराच्या उत्साहालाही वय असते, हे ओळखून झाडे लावणारा संस्थाचालक विरळा.

बेत दुष्काळाने उधळला, आणि मोठाही केला. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, बेवारस मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर झोपड्यांत ठेवले. तिथेच मुक्ती सदन झाले. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १८९८मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या, असोसिएशनची नव्याने बांधणी झाली. पण मुक्ती सदन त्यांनी धर्मोपदेश न करण्याच्या अटीपासून मोकळे ठेवले. ते उघडपणे ख्रिस्ती होते आणि ठरावीक वर्गणीऐवजी, ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरच्या अनाथालयासारखे, श्रद्धेने येईल त्या पैशावर चालले.

श्रद्धा म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. मुक्तीत हातमाग खडखडत होते, तेलघाणा फिरत होता, शेती आणि दूधदुभते होते, छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या. रमाबाईंच्या हाताखाली मिनी एब्रम्स ही शिकागोत तयार झालेली मेथडिस्ट कार्यकर्ती होती. मुंबईतले काम सोडून ती केडगावला आली. ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे छोटे नियतकालिक इथूनच परदेशातल्या देणगीदारांकडे जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलही याच छापखान्यात, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४मध्ये छापून पुरे झाले.

मराठवाड्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. मनोरमाबाईंनी मुक्तीची शाखा म्हणून गुलबर्ग्याला शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा औरंगाबादसारखेच निजामाच्या मुलखात. १९१५मध्ये आपल्या शहरात सरस्वती भुवन सुरू झाले, त्याच्या आगेमागेची ही हकिकत. सरकारी दरबारात उर्दूचा बोलबाला असताना खासगी शाळा लोकांच्या बळावर कशा तगल्या, हे नीट लिहून व्हायला हवे.

रमाबाईंबद्दल आज इतके सांगता येते ते असोसिएशनच्या छापील वार्षिक अहवालांमुळे, जमाखर्चामुळे आणि पत्रांमुळे. बोस्टनच्या बायकांनी डॉलरचाही हिशेब छापला आणि जपला. मराठवाड्यातल्या जुन्या शाळा, वसतिगृहे, वाचनालये यांच्या वर्गणीच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर, कुठल्या तरी दुकानाच्या पोटमाळ्यावर नक्की पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत अशी लाल कापडी पुठ्ठ्याची वही हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा जवळच्या ग्रंथालयाकडे पोहोचवा, आणि त्यातली नावे ओळखणारे कुणी वडीलधारे घरात असतील, तर आधी त्यांच्याकडून ती लिहून घ्या.