तिकिटाच्या विमानांतून रणांगणावर

२७ ऑक्टोबर हा आपल्या लष्करात पायदळ दिन म्हणून पाळला जातो. १९४७ साली याच तारखेला पहिली शीख पलटण श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय बारामुल्लाच्या वाटेवर लढताना धारातीर्थी पडले. त्यांचं नाव इतिहासात आलं, यायलाच हवं होतं. पण जवान ज्या विमानांतून गेले त्यांतली कितीतरी हवाई दलाची नव्हतीच. काही दिवसांपूर्वीपर्यंत त्यांत तिकीट काढलेले प्रवासी बसत होते. ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो, आणि मला ते सलतं.

ती विमानं म्हणजे डाकोटा. महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली आणि त्यांच्या जोरावर देशात विमान कंपन्यांचं पेवच फुटलं. टाटांची एअर इंडिया, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, इंडियन नॅशनल एअरवेज अशी कितीतरी नावं. मुंबईत या सगळ्याची वर्दळ जुहूला असे. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पावसाळ्यात यांतल्या अनेक विमानांनी फाळणीतल्या निर्वासितांच्या खेपा केल्या होत्या. वैमानिक आणि मेकॅनिक आधीच थकलेले होते. तेवढ्यात काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला, २६ ऑक्टोबरला महाराजा हरिसिंहांनी सामीलनाम्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीहून उड्डाणं सुरू झाली.

गाद्यांच्या खुर्च्या उपसून बाहेर ठेवल्या गेल्या. मागच्या चाकावर बसलेलं डाकोटा जमिनीवर उभं असताना शेपटीकडे कललेलं असतं, त्यामुळे आत शिरलं की चढ चढल्यासारखं पुढे जावं लागतं. पाठीवर पिट्टू, हातात रायफल घेतलेला जवान त्या चढावर कसा चालला असेल, याचा विचार करून पाहावा. एरवी या विमानात पंचवीसेक जवान सहज मावतात. इथे मात्र एका खेपेला पंधरा-सतराच घेतले गेले. श्रीनगरला विमानाचं इंधन मिळण्याची खात्री नव्हती. परतीचं पेट्रोल दिल्लीहूनच न्यायचं, तर तेवढं वजन माणसांतून कमी करायचं. या हिशेबापायी एक अख्खी पलटण पोचवायला किती खेपा लागल्या असतील!

पहिल्या विमानांना हुकूम होता की आधी धावपट्टीवरून घिरट्या घालायच्या, ती शत्रूच्या हातात दिसली तर न उतरता जम्मूला वळायचं. दिवे नाहीत, उतरायला मदत करणारी यंत्रणा नाही, चाक टेकलं की धुळीचा लोट. त्या धुळीत मागचं विमान उतरवणारे काही वैमानिक कंपनीचे पगारी नोकर होते. त्यांनी सैन्यात जाण्याची शपथ घेतली नव्हती. चारच दिवसांनी मेजर सोमनाथ शर्मा प्लास्टरमधला हात घेऊन असेच हवाईमार्गे पोचले. ३ नोव्हेंबरला बडगामला ते पडले. पहिलं परमवीर चक्र त्यांचं.

पुढे डाकोटा पूंछला उतरली, मग लेहला. २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहेरसिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले. सिंधूकाठची ती पट्टी सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं लोकांकडून बांधून घेतली होती, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नसते. विरळ हवेत, कडाक्याच्या थंडीत हिमालयाची शिखरं ओलांडायची, हे त्या यंत्रासाठी सोपं नव्हतं.

१९५३मध्ये कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यांतली बहुतेक जुनी नावं पुसली गेली. पण प्रवाशांचं विमान फौजेच्या कामी येण्याची परंपरा थांबली नाही. एअर इंडियाचं वैभव असलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं बोइंग ७०७ आल्यावर मागे पडली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती हवाई दलाकडे गेली आणि आपल्या पुण्यात, लोहगावला सहाव्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. चार इंजिनं, मागे तीन सुकाणू, माशासारखा बाकदार देह. रात्री उडताना इंजिनांतून निळसर ज्वाळा दिसत. या विमानांनी जवान आणि सामान वाहिलं, समुद्रावर टेहळणी केली, १९७१च्या युद्धातही.

सातारा-सांगलीकडच्या गावांत रजेवर आलेला मिलिटरीतला माणूस पारावर गोष्टी सांगायचा तेव्हा लढाईइतकंच विमानाचं वर्णन ऐकायला पोरं बसत. कान कसे बंद झाले, कोण कसं ओकलं, ढगात विमान कसं खाली आदळलं. ज्याने एसटीपलीकडे वाहन पाहिलं नव्हतं तो एकदम हिमालयावरून गेला, हा अनुभव मला युद्धकथांपेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. तो कुणी नीट लिहून घेतला नाही.

१९७६मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन विमानं नौदलाकडे गेली आणि त्यांचा मुक्काम गोव्यात दाबोळीला हलला. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती निवृत्त झाली. बोगमाळोच्या वाटेवरल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात त्यांतलं एक उभं आहे. समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली मंडळी ते लांबूनच बघून पुढे जातात. मुलांना घेऊन तिथे थांबा आणि त्यांना सांगा, या विमानात एके काळी लंडनला जाणारे प्रवासी बसायचे आणि नंतर आपले जवान.