लेबल म्हणतं एक, फूल सांगतं दुसरंच! किडे खाणाऱ्या ‘बटरवर्ट’ची ओळख कशी पटवायची?

ऑनलाइन मागवलेलं छोटंसं रोप घरी येतं. कुंडीत खोचलेल्या पट्टीवर ‘पिंगिक्युला मोरानेन्सिस’ असं नाव असतं. काही महिन्यांनी पहिलं फूल उमलतं, हौसेने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला जातो आणि खाली पहिलीच कमेंट येते, “हे मोरानेन्सिस नाहीच!”

मग हे आहे तरी काय? आणि एका फुलावरून समोरच्याला ते कळलं कसं?

बटरवर्ट म्हणजे काय?

पिंगिक्युला हे कीटकभक्षी वनस्पतींचं एक प्रजातीनाम. लॅटिनमध्ये ‘पिंग्विस’ म्हणजे चरबीदार. पानं तूप चोळल्यासारखी चकचकीत दिसतात, म्हणून हे नाव. इंग्रजीतलं ‘बटरवर्ट’ हे नावही त्यावरूनच आलं. पानावर दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. देठ असलेल्या ग्रंथी चिकट थेंब तयार करतात आणि त्यात चिलटं अडकतात. पानाला चिकटून असलेल्या ग्रंथी पाचक रस सोडतात. चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यात या रोपावरचे प्रयोगही आहेत.

यातल्या कितीतरी जाती मेक्सिकोतल्या आहेत. कुंडीत हौसेने वाढवली जाणारी रोपंही बहुतेक तिथलीच किंवा त्यांचे संकर असतात.

पानांवरून का ओळखता येत नाही?

कारण पानं वेष बदलतात. मेक्सिकोतल्या बऱ्याच जाती पावसाळ्यात मोठी, चिकट, किडे पकडणारी पानं काढतात. कोरड्या हिवाळ्यात तेच रोप आक्रसतं आणि लहान, जाडसर, न चिकटणाऱ्या पानांचा गोल गड्डा होतं. अशा वेळी एसेरियाना, एलर्सी आणि हौमावेन्सिस या जाती शेजारी ठेवल्या तर वेगळ्या सांगणं अवघड जातं. पानांचा रंगही उन्हावर अवलंबून असतो. सावलीत हिरवं असलेलं रोप भरपूर उजेडात गुलाबी होतं.

फूल मात्र इतकं बदलत नाही.

लेबल चुकतं कसं?

बटरवर्टचं एक पान अलगद काढून ओलसर मातीवर ठेवलं, तर त्यातून नवं रोप येतं. ते मूळ रोपाची हुबेहूब नक्कल असतं. म्हणजे एका ट्रेमध्ये एकदा पट्ट्यांची अदलाबदल झाली की त्या रोपाची पुढची सगळी पिढी चुकीच्या नावानेच विकली जाते. शिवाय पानं फुटून शेजारच्या कुंडीत पडतात आणि तिथेच रुजतात.

फुलात नेमकं काय बघायचं?

साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात ‘सीतेची आसवं’ ही जांभळी फुलं अनेकांनी पाहिली असतील. ती बटरवर्टच्याच कुटुंबातली. दोन ओठांसारखी पाकळ्यांची रचना आणि मागे शेपटीसारखा स्पर हे दोघांतलं साम्य. बटरवर्टमध्ये वर दोन आणि खाली तीन असे पाकळ्यांचे पाच भाग दिसतात. आता क्रमाने बघायचं.

१. स्पर: फूल बाजूने बघा. मोरानेन्सिसचा स्पर लांब आणि बारीक असतो. अग्नाटाचा आखूड.

२. नळी आणि घसा: पाकळ्या जिथे एकत्र येतात तो भाग अरुंद आहे की रुंद? आत पिवळसर, हिरवट किंवा पांढरा ठिपका आहे का?

३. पाकळ्यांचा आकार: इमार्जिनाटाच्या पाकळ्यांच्या कडेला खाच असते आणि फिकट पाकळीवर जांभळ्या शिरांची जाळी दिसते. रोटुंडिफ्लोराच्या पाकळ्या नावाप्रमाणे गोलसर.

४. रंग: हा मुद्दा मुद्दाम शेवटी. लाउएआना लाल फुलांसाठी प्रसिद्ध आहे, लुटिया पिवळ्या. पण गुलाबी-जांभळ्या छटा ऊन, तापमान आणि फुलाच्या वयानुसार बदलतात. मोबाइलचा कॅमेराही त्यात आपली भर घालतो.

एकच आई-बाप, पण चेहरे वेगळे

‘वेझर’ आणि ‘सेथोस’ हे दोन लोकप्रिय संकर. दोन्ही एलर्सी आणि मोरानेन्सिस यांच्यापासून तयार झालेले. पानं इतकी सारखी की लेबलं सर्रास बदललेली सापडतात. फूल आलं की उलगडा होतो. वेझरच्या पाकळ्यांवर गडद शिरांची जाळी उठून दिसते, तर सेथोसच्या गडद गुलाबी फुलाच्या मध्यभागी पांढरी चांदणी असते.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण नावावर निगा ठरते. युरोपातल्या वल्गारिस आणि ग्रँडिफ्लोरा या जाती हिवाळ्यात घट्ट कळीसारख्या होऊन झोपतात, त्यांना थंडी लागतेच. मेक्सिकोतल्या बहुतेक जातींना त्याच काळात पाणी कमी लागतं. नाव चुकलं की एक उकाड्याने मरते, दुसरी कुजते. चुकीच्या नावाच्या रोपाचं बी धरून ते वाटलं, तर गोंधळ पुढच्या पिढीतही जातो.

पण फूलही सगळं सांगत नाही

मोरानेन्सिस ही एकच जात मेक्सिकोत दूरवर पसरली आहे आणि तिच्या फुलांमध्ये भरपूर विविधता आहे. त्यात संकर आले की लेबल नसलेल्या रोपाला खात्रीने नाव देणं कठीण होतं. लेबल खोटं ठरवायला कधीकधी एक फूल पुरतं. लाल फुलाचं रोप लुटिया असूच शकत नाही! पण ‘हे नाही’ हे कळलं म्हणून ‘हेच आहे’ हे सिद्ध होत नाही. ते रोप मूळ कोणत्या डोंगरावरून आलं, हे तर फूल कधीच सांगत नाही.

म्हणून ओळख विचारायची असेल तर ताज्या फुलाचे समोरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि उन्हाळी पानांचा फोटोही जोडा. उत्तर मिळालं तरी जुनी पट्टी फेकू नका. त्याच्या मागे लिहा, “मोरानेन्सिस नावाने घेतलं, फूल जुळत नाही.” पुढे कुणाला पान द्याल, तेव्हा हे वाक्यही सोबत द्या. अंदाजाने लिहिलेल्या सुंदर नावापेक्षा त्याचा पुढच्या माणसाला जास्त उपयोग होईल.